रजिस्टरची नक्कल : कागद कुणाचा?

‘दप्तर’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. मुलाच्या पाठीवरची पिशवी हे दप्तर, आणि सरकारी कागदांचा साठा हेही दप्तर. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. फारसीतून आपल्याकडे आलेल्या या शब्दाचे मूळ अभ्यासक ग्रीक ‘दिफ्थेरा’पर्यंत नेतात. दिफ्थेरा म्हणजे कमावलेले कातडे, ज्यावर पूर्वी लिहीत असत. मजकूर ज्यावर उतरवायचा, त्या वस्तूवरून कचेरीला नाव मिळाले.

इतिहास शिकताना आपण नोंदीतला मजकूर पाहतो. कोणी लिहिले, कधी लिहिले, खरे किती? तो कागद कोणी पुरवला, पुरेसा मोठा होता का आणि लिहिण्याआधी कोरा होता का, हे प्रश्न मागेच राहतात. संगणकाच्या इतिहासात मात्र नेमक्या याच तीन प्रश्नांवर जवळपास अर्धशतक काम झाले आहे. तिथेही वस्तूचे नाव ‘रजिस्टर’च आहे. प्रोसेसरमधल्या रजिस्टरांची नक्कल काढायची असेल तर तिच्यासाठी जागा कोणी द्यायची, हा या लेखाचा विषय. विषय तांत्रिक वाटेल, पण तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स कर्नल चालते आणि हा प्रश्न त्याच्या पोटातला आहे. त्याचे उत्तर कच्चे राहिले तेव्हा एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती जाण्याची वाट मोकळी झाली होती.

नक्कल आणि रिकामा रकाना

आमचे वालूर सेलू तालुक्यात आहे. आज ते बारवांमुळे ओळखले जाते. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इकडे जुन्या उर्दू नोंदी घराघरांत निघतात आणि उर्दू वाचता येणाऱ्या शिक्षकाकडे लोक नकला घेऊन येतात. अशा नकला वाचताना एक गोष्ट लक्षात येते. रकाना लहान आणि मजकूर मोठा असेल तर कारकून तो समासात कोंबतो. रकाना रिकामा असेल तर चांगला कारकून त्यात रेघ मारतो, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडू शकत नाही. ही रेघ पुढे लक्षात ठेवावी, लेखात ती परत येणार आहे.

मोगल लष्करात ‘दाग’ आणि ‘चेहरा’ ही पद्धत होती. घोड्याला डाग देऊन खूण करायची आणि शिपायाचे वर्णन कागदावर उतरवायचे. बापाचे नाव, वर्ण, कपाळ, डोळे, तीळ असे सगळे त्यात येई. दख्खनच्या मोगल कारभाराचे दीड लाखाच्या वर फारसी कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यांत असे ‘अर्ज-ओ-चेहरा’ भरपूर आहेत. एका विशिष्ट क्षणी माणूस कसा होता, याची ती ठरलेल्या नमुन्यातली नोंद. प्रोसेसरच्या रजिस्टरांची नक्कल ही चालू प्रोग्रॅमचा असाच ‘चेहरा’ असते.

प्रोसेसर आकडेमोड करतो ती थेट मुख्य स्मृतीत करत नाही. तो आकडे आपल्या आतल्या मोजक्या, अतिवेगवान कप्प्यांत आणतो आणि तिथे काम करतो. या कप्प्यांना रजिस्टर म्हणतात. पुढची सूचना कुठून घ्यायची याचा पत्ताही एका रजिस्टरातच असतो. प्रोसेसर एक आणि प्रोग्रॅम अनेक, म्हणून कर्नल एका प्रोग्रॅमला थांबवते, त्याच्या रजिस्टरांतले आकडे स्मृतीत ठेवते आणि दुसऱ्याला संधी देते. प्रोग्रॅम बिघडला तर अभियंत्याला हेच आकडे पाहायचे असतात. ते कर्नलकडून मागावे लागतात आणि ते उतरवून घ्यायला स्मृतीत जागा लागते. या जागेला बफर म्हणतात. आपल्या भाषेत, नकलेचा कागद.

मुंबई, १९६०

भारतात संपूर्णपणे रचून बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये त्याचे छोटे प्रायोगिक रूप झाले आणि पूर्ण यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि ४० बिटांचे २०४८ शब्द मावतील एवढी स्मृती होती. आजच्या मोबाईलमधला एक साधा फोटोही त्या स्मृतीत मावणार नाही.

त्या पिढीच्या यंत्रांवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. यंत्र थांबवायचे आणि नियंत्रण-फलकावरून आतली स्थिती वाचायची, अशी त्या काळची सर्वसाधारण रीत होती. नक्कल माणूस स्वतःच्या वहीत उतरवून घेई. कागदही त्याचा, हातही त्याचा. जागेवरून भांडण होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मधे कर्नल नावाचा कारकून अजून आलेला नव्हता.

एका वेळी एकच शब्द

हा कारकून आला तो अनेक लोकांनी एकाच यंत्रावर काम करायला सुरुवात केल्यावर. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत ‘पीट्रेस’ नावाची सोय होती. तिच्यामुळे एक प्रोग्रॅम आपल्या ताब्यातल्या दुसऱ्या प्रोग्रॅमची स्थिती वाचू शकत होता. ते युनिक्स पीडीपी-११ या यंत्रावर चाले. त्याची सर्वसाधारण रजिस्टरे होती आठ आणि प्रत्येक १६ बिटांचे.

पीट्रेसने बफरचा प्रश्न टाळला. एका हाकेला एकच शब्द मिळणार. दुसरा हवा तर पुन्हा हाक मारायची. कर्नलमध्ये यासाठी एक छोटासा सामाईक कप्पा होता. मागणी कोणती, पत्ता कोणता आणि उत्तर काय, एवढेच त्यात मावे. संपूर्ण यंत्रासाठी तो एकच होता. एकाचे काम चालू असताना त्याला कुलूप आणि बाकीचे रांगेत. तालुक्याला एकच नक्कल-कारकून असावा आणि त्याच्या टेबलावर एकच चिठ्ठी मावावी, तसा हा कारभार.

यात एक घोळही होता. उत्तर हाकेच्या परतफेडीतूनच येई आणि चूक झाली की ‘वजा एक’ परत येई. पण रजिस्टरात खरोखरच वजा एक हा आकडा असला तर? ते उत्तर की नकार, हे ओळखायला चुकीची खूण वेगळी तपासावी लागे. नोंद आणि नोंदीची पोहोच एकाच चिठ्ठीवर लिहिल्याचा हा परिणाम. पुढे लिनक्समध्येही पीट्रेस वापरताना प्रोग्रॅमरांना हे पथ्य पाळावे लागले.

पुण्याचा परम आणि राखीव जागा

या इतिहासातला एक वेगळा टप्पा महाराष्ट्रात आहे. अमेरिकेकडून हव्या त्या ताकदीचा क्रे महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिचे संस्थापक संचालक. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात इंग्लंडच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर जातीच्या चिपा वापरल्या होत्या. अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून मोठे काम करून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना.

परमच्या वेगाविषयी पुष्कळ लिहिले गेले. ट्रान्सप्युटरने रजिस्टरांचा प्रश्न कसा सोडवला, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्यात पूर्णांकांच्या हिशोबासाठी एकावर एक रचलेली फक्त तीन रजिस्टरे होती. प्रोग्रॅमची बाकीची सामग्री स्मृतीतल्या त्याच्या स्वतःच्या जागेत असे. एखादा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या निरोपाची वाट पाहू लागला की ती तीन रजिस्टरे साठवली जातच नसत. त्या क्षणी त्यांत कामाचे काही उरणार नाही, अशी काळजी प्रोग्रॅम रचतानाच घेतलेली असे. पुढची सूचना कुठली, एवढा पत्ता प्रोग्रॅमच्या जागेलगत लिहिला की झाले.

तातडीचा प्रोग्रॅम मधेच आला तर मात्र चालू प्रोग्रॅमची रजिस्टरे साठवणे भाग होते. त्यासाठी चिपमधल्या स्मृतीच्या अगदी तळाशी काही कप्पे कायमचे राखलेले होते. कप्प्यांचा एकच संच पुरे होई, कारण अग्रक्रम दोनच होते आणि तातडीच्या प्रोग्रॅमला मधे कोणी अडवू शकत नसे. एका वेळी अडवला गेलेला प्रोग्रॅम जास्तीत जास्त एकच. किती कागद लागेल हे पक्के ठाऊक असले की तो आधीच काढून ठेवता येतो आणि ऐन वेळी कोणाकडे मागावा लागत नाही. या कल्पनेची गाठ पुढे बेंगळुरूला पुन्हा पडते.

चेहरा मोठा होत गेला

इंटेलच्या चिपांत मात्र रजिस्टरे वाढतच गेली. ८०३८६ च्या काळात दशांश हिशोबाच्या रजिस्टरांची नक्कल १०८ बाइटांत मावे. १९९९ च्या पेंटियम-३ पर्यंत ती ५१२ बाइटांची झाली. २०११ मध्ये एव्हीएक्स आले आणि ती ८३२ वर गेली. पुढच्या एव्हीएक्स-५१२ ने अडीच हजार बाइट ओलांडले. एएमएक्स नावाच्या सोयीत तर एकट्या चौकोनी रजिस्टरांनाच ८१९२ बाइट लागतात. आर्मच्या एसव्हीई पद्धतीत रजिस्टराची रुंदी १२८ पासून २०४८ बिटांपर्यंत काहीही असू शकते. ती ठरवते चिप बनवणारी कंपनी.

लिनक्समध्ये सुरुवातीला प्रत्येक नव्या संचासाठी वेगळी हाक होती. सर्वसाधारण रजिस्टरांना एक, दशांशांना दुसरी, वाढीव दशांशांना तिसरी. मागणारा ठरावीक मापाचा कागद घेऊन येई आणि कर्नल तो भरून देई. माप जुने झाले की कागद अपुरा. मग नवी हाक, नवे माप.

२००८ च्या २.६.२५ आवृत्तीत रोलंड मॅकग्राथ यांनी ‘रेगसेट’ आणले. रजिस्टरांचा प्रत्येक संच म्हणजे एक नमुना. त्यात किती नोंदी, प्रत्येक नोंद केवढी, हे कर्नलच्या तक्त्यात लिहिलेले. पीट्रेस असो की मेलेल्या प्रोग्रॅमचा पंचनामा असो, दोघांनी याच तक्त्यावरून काम करायचे. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१० मध्ये, इंटेलचे सुरेश सिद्धा यांनी त्यावर एक सर्वसाधारण हाक बसवली. मागणाऱ्याने संचाचे नाव सांगायचे, आपल्या बफरचा पत्ता द्यायचा आणि त्याची लांबी सांगायची. कर्नल मावेल तेवढे भरते आणि प्रत्यक्ष किती भरले तो आकडा त्याच लांबीच्या जागी लिहून परत देते. कागद मागणाऱ्याचा, पण ‘एवढे लिहिले’ हा शेरा कर्नलचा. उद्या नवा संच आला तरी हाक तीच राहते.

कोरा नसलेला कागद

बाहेरचा व्यवहार असा नीट झाला, तरी कचेरीच्या आत गोंधळ उरला होता. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी रजिस्टरे वाचून देणारे वेगळे काम लिहिलेले होते. त्याला दोन प्रकारचे कागद सांभाळावे लागत. कधी मागणाऱ्याच्या स्मृतीत थेट लिहायचे, कधी कर्नलच्या आतल्या बफरमध्ये. त्यातून मागणी मधूनच सुरू होऊ शके : अमुक बाइटापासून अमुक बाइटापर्यंतच द्या. कुठवर आलो, किती उरले, कोणत्या कागदावर लिहितो आहोत, हे सगळे प्रत्येकाने स्वतः जुळवायचे.

याचे मोल मे २०२० मध्ये कळले. प्रोग्रॅम कोसळला की कर्नल त्याच्या रजिस्टरांची नक्कल एका फाइलमध्ये टाकते. त्यासाठी ते आतल्या आत बफर घेई, पण तो पुसून घेत नसे. भरणारे काम सगळा बफर भरेल, असे गृहीत धरलेले होते. काही संचांत ते पूर्ण भरत नव्हते. मग उरलेल्या भागात त्या स्मृतीत आधी पडून असलेले जे काही असेल, ते फाइलमध्ये जाई, आणि ती फाइल साध्या वापरकर्त्यालाही वाचता येई. अलेक्झांडर पोटापेंको यांनी दिलेल्या दुरुस्तीत म्हटले होते की अशी काही किलोबाइट माहिती बाहेर जाऊ शकते. दुरुस्ती छोटी होती. बफर घेतानाच तो शून्यांनी भरून घ्या.

कल्पना करा, तुम्ही तुमच्या जमिनीची नक्कल मागितली आणि कारकुनाने ती पाठकोऱ्या कागदावर दिली. मागच्या बाजूला दुसऱ्याच कुटुंबाचा वाटणीचा मजकूर. कोणी चोरी केली नाही, कोणी खोटे लिहिले नाही. तरीही दुसऱ्याची अमानत तुमच्या हाती आली. संगणकाच्या स्मृतीत अशा उरल्यासुरल्या भागात काय असेल, हे कोणीच आधी सांगू शकत नाही.

त्याच वर्षी अल व्हिरो यांनी कचेरीच्या आतला व्यवहारच बदलला. ऑक्टोबर २०२० च्या ५.९ आवृत्तीत तो आला. आता रजिस्टरे वाचून देणाऱ्याने मागणाऱ्याच्या स्मृतीला हातच लावायचा नाही. त्याच्या हाती ‘मेमबफ’ नावाची एक छोटी वस्तू दिली जाते. तिच्यात दोनच गोष्टी : पुढे कुठे लिहायचे आणि किती जागा उरली. लिहिले की दोन्ही आपोआप सरकतात आणि जागा संपली की लिहिणे आपोआप थांबते. मधूनच वाचायची मुभा गेली, सुरुवात नेहमी पहिल्या बाइटापासून. जिथे देण्यासारखे काही नाही तिथे शून्ये भरण्याची वेगळी सोय दिली. कारकुनाची ती रेघ इथे भेटते.

कागद कुणाचा, याचेही दोन दरवाजे स्पष्ट झाले. ज्याच्याकडे आपला बफर आहे त्याने ‘रेगसेट-गेट’ वापरावे. ज्याच्याकडे नाही त्याने ‘रेगसेट-गेट-अलॉक’ वापरावे. मग कर्नल स्वतः योग्य मापाचा, शून्यांनी पुसलेला बफर काढते, भरते आणि पत्ता देते. काम झाल्यावर तो परत करण्याची जबाबदारी मागणाऱ्याची. पीट्रेसची हाक आली की आतमध्ये आता हेच घडते : आधी कचेरीच्या कोऱ्या कागदावर पूर्ण नक्कल, मग ती मागणाऱ्याच्या कागदावर. एक नक्कल जास्त होते, थोडा वेळ जातो. त्या बदल्यात प्रत्येक प्रोसेसरच्या कामातली गुंतागुंतीची, चुकायला जागा देणारी मजकुराची ओढाताण निघून गेली.

मरताना कागद मागता येत नाही

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टीत कर्नल जिवंत आहे. पण कर्नलच कोसळले तर? त्या क्षणी प्रत्येक प्रोसेसर काय करत होता, हे कळल्याशिवाय कारण सापडत नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी कर्नलकडे नवा बफर मागणे धोक्याचे असते, कारण स्मृती वाटून देणारी व्यवस्थाच बिघडलेली असू शकते किंवा तिचे कुलूप कोणीतरी धरून बसलेले असू शकते.

याचे उत्तर घडवण्यात बेंगळुरूच्या आयबीएममधले विवेक गोयल आणि हरी नेल्लितीर्थ यांचा मोठा वाटा आहे. एरिक बीडरमन यांच्या ‘केएक्झेक’वर उभी असलेली ‘केडम्प’ ही पद्धत २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१३ आवृत्तीत आली. यंत्र सुरू होतानाच स्मृतीचा एक तुकडा राखून ठेवायचा आणि त्यात दुसरे, छोटे कर्नल तयार ठेवायचे. प्रत्येक प्रोसेसरसाठी रजिस्टरांच्या नकलेची जागाही तेव्हाच काढायची आणि तिचा पत्ता दुसऱ्या कर्नलला कळवून ठेवायचा. पहिले कर्नल कोसळले की प्रत्येक प्रोसेसर आपला चेहरा आपल्या ठरलेल्या जागेत लिहितो आणि थांबतो. दुसरे कर्नल उठते आणि ती साक्ष वाचते. परममधल्या ट्रान्सप्युटरने तळाशी राखलेले कप्पे आणि ही जागा, यांमागचा विचार एकच आहे.

इथेही एक बारीक चूक दहा वर्षे टिकली. दुसऱ्या कर्नलला जागेचा सुरुवातीचा खरा पत्ता आणि लांबी एवढेच कळवले जाई. पण ती जागा स्मृतीच्या दोन पानांवर विभागली गेली, आणि ती पाने प्रत्यक्षात शेजारी नसली, तर? अर्धी साक्ष भलत्याच ठिकाणची वाचली जाणार. २०१५ मध्ये बाओक्वान हे यांनी ही जागा नेहमी एकाच पानात बसेल अशी दुरुस्ती केली.

मागितल्याशिवाय नाही

जानेवारी २०२२ च्या ५.१६ आवृत्तीत एएमएक्सची सोय लिनक्समध्ये आली तेव्हा प्रश्न उलटा झाला. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी आठ हजार बाइट आधीच काढून ठेवले तर हजारो प्रोग्रॅम चालणाऱ्या यंत्रात ती स्मृती वाया जाईल, कारण ही रजिस्टरे वापरणारे फार थोडे. म्हणून नियम झाला : प्रोग्रॅमने आधी परवानगी मागायची, आणि तरीही जागा द्यायची ती त्याने पहिल्यांदा ती रजिस्टरे वापरली तेव्हाच. मरणाच्या साक्षीसाठी आगाऊ कागद, चैनीच्या सोयीसाठी गरज पडल्यावर. दोन्ही निर्णय बरोबर आहेत, कारण एकात उशीर परवडत नाही आणि दुसऱ्यात उधळपट्टी परवडत नाही.

या सगळ्याचा अभ्यास करणाऱ्याला एक सुख मिळते, जे जुन्या दफ्तरांच्या अभ्यासकाला क्वचित मिळते. एप्रिल २००५ पासून लिनक्समधला प्रत्येक बदल नाव, तारीख आणि कारणासह एका खुल्या साठ्यात आहे. कोणी काय बदलले, का बदलले, कोणी तपासले, हे मुंबईच्या अभियंत्याइतकेच परभणीच्या उर्दू शाळेतल्या मुलालाही वाचता येते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात, त्यामुळे ही आजच्या कारभाराची तवारीखच आहे.

आपल्याकडे आता जमिनीपासून शिधापत्रिकेपर्यंतच्या नोंदी यंत्रात जात आहेत. त्यांच्याविषयी आपण बहुधा एवढेच विचारतो की माझे नाव बरोबर आहे का. पन्नास वर्षांचा हा छोटा इतिहास आणखी तीन प्रश्न विचारायला शिकवतो. नक्कल ज्यावर उतरते ती जागा कोणाच्या ताब्यात आहे? ती पुरेशी आहे हे कोणी मोजले? आणि माझी नोंद लिहिण्याआधी तिथे दुसऱ्या कोणाचे काही उरले होते का? मुलांना संगणक शिकवताना बटणे कोणती दाबायची हे आपण शिकवतोच. त्याच तासाला हे तीन प्रश्नही फळ्यावर लिहायला हरकत नाही.